बिजागरीची गाडी

मुंगी दुपारी झोपली की घराला चाळीस मिनिटं मिळत. एकेचाळिसावं मिनिट अजून कुणी पाहिलेलं नव्हतं. गेल्या आठ महिन्यांत मुंगीच्या आईनं त्या चाळीस मिनिटांत केस धुतले होते, गार झालेलं जेवण उभ्या उभ्या संपवलं होतं, बाटल्या उकळल्या होत्या. बहुतेक वेळा तर काहीच केलं नव्हतं. पोरीचा श्वास चालू आहे ना, एवढंच बघत बसली होती. त्या मंगळवारी मात्र तिनं जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. चारी कोपऱ्यांना गाठी मारून तिची टोपली केली, म्हणजे एकही स्क्रू घरंगळून खाली जायला नको. त्या टोपलीत तिनं एक लाल मोटार पालथी घातली आणि बारीक दातांची करवत तिच्या पोटाला लावली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या.

"अगं, एकदा कापलं की कापलं हो," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच कापतेय," ती म्हणाली आणि करवत ओढली.

मोटार वीतभरही नव्हती. दोन दारांची, गोल पाठीची, शंभर तुकड्यांच्या किटमधून जोडलेली. ते किट तिला वडिलांनी दिलं होतं, पदवीचा निकाल लागला त्या दिवशी. वडील गॅरेजवाले. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणं पडून काढलेला माणूस. पोरगी कागदावर यंत्रं काढायला शिकली याचं त्यांना केवढं कौतुक. खोका हातात देताना ते एवढंच म्हणाले होते, "फुरसत मिळाली की जोड. घाई नाही." मग नोकरी लागली, लग्न झालं, घर बदललं, दिवस गेले. खोका प्रत्येक घरात तिच्याबरोबर आला आणि प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या फळीवर बसून राहिला. ती गाडी आपण पिवळी करायची, एवढं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. पिवळीधमक. बाकी सगळं फुरसतीवर सोडलं होतं.

फुरसत मिळाली ती भलत्यालाच. तिच्या सासऱ्यांना.

आप्पा छत्तीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस होते. आलेला प्रत्येक भाग मोजायचा, केसभर जरी कमी-जास्त भरला तरी त्यावर लाल खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी खडू काही सुटला नाही, अजून सदऱ्याच्या खिशात एक तुकडा असायचा, आणि डाळीत मीठ जास्त झालं की सासूबाई म्हणायच्या, "मारा, मारा फुली." निवृत्तीनंतर आप्पांनी छोट्या मोटारी जोडायला घेतल्या. बैठकीत काचेचं कपाट आलं. त्यात एकोणचाळीस मोटारी ओळीनं उभ्या, एकीवरही धुळीचा कण नाही, एकीचंही चाक फिरत नाही. चाकं डिंकानं पक्की केलेली. कपाटाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला, आणि त्या खिळ्याला घरात देवाइतका मान.

मुंगी दिवस भरायच्या आधीच आली. दहा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. दहा दिवस आईनं तिला काचेतूनच बघितलं, काचेवर बोट ठेवून. अकराव्या दिवशी पोर छातीशी धरून घरी आली, तर आप्पा दारातच उभे, चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू. तिला तसंच कपाटापाशी घेऊन गेले. मधल्या फळीवर चाळिसावी मोटार उभी होती. तिची. लाल.

"तुझं एक काम कमी केलं," आप्पा म्हणाले. "आता तुला कुठली सवड मिळायला."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. नवरा, सासूबाई, शेजारचे दोघं. काम तर असं झालं होतं की बोट लावायची भीती वाटावी. रंग आरशासारखा. आतल्या चिमुकल्या ड्रायव्हरच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, थेट तिच्या नवऱ्याच्या शर्टासारखा. आप्पांनी एका केसाच्या कुंचल्यानं रंगवला होता. "छान झालीय," ती म्हणाली. खरंच छान झाली होती, आणि रात्रंदिवस तिला सलत राहिलं ते नेमकं तेच. वाईट केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आठ महिने ती गप्प होती. घरात ती सगळ्याच गोष्टी घट्ट करत सुटली होती. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम, कपाटांच्या कड्यांना सुतळी, खिडकीला आतून आणखी एक कडी. पोरीचं नाव कागदोपत्री काहीही असो, घरात ती मुंगी झाली, कारण जमिनीवर पडलेलं काहीही तिच्या नजरेतून सुटत नसे आणि दिसलं की ते तोंडात जाई. त्यामुळे आई दिवसातून दहा वेळा गुडघ्यांवर बसून फरशी तपासायची. "आप्पांना वारस मिळाला," नवरा म्हणायचा. तिला हसू यायचं नाही.

बदल झाला तो रविवारच्या क्लबात. दर रविवारी सगळं घर आप्पांबरोबर त्यांच्या छोट्या मोटारींच्या क्लबात जाई; क्लबाला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत उभ्या मोटारी ठेवणारे बसत. मागच्या खोलीत लाकडाचा लांबरुंद ट्रॅक होता, सहा खाचा पाडलेला. खाचेच्या दोन्ही बाजूंना वीज वाहणाऱ्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखाली एक जीभ असते, ती खाचेत बसते, जिभेला चिकटलेल्या तांब्याच्या दोन मिशा पट्ट्यांवर घासतात आणि वीज उचलतात. माणसाच्या हातात फक्त एक खटका. जेवढा दाबाल तेवढी पळेल, वळणावर सोडला नाही तर उडून भिंतीवर जाईल. मागची खोली पुढच्यांना पुतळेवाले म्हणायची, पुढची खोली मागच्यांना भिरभिरे. दोन्ही खोल्यांना सामाईक असे फक्त आप्पा. मोजमापात ते लबाडी करणार नाहीत याची सगळ्यांना खात्री होती, म्हणून शर्यतीआधी गाड्या तेच तपासत.

मुंगी कुठेही झोपत नसे. पाळण्यात नाही, मांडीवर नाही, झोळीत नाही. एका रविवारी ती रडून रडून लाल झाली, आणि पुढच्या खोलीतल्यांच्या कपाळावरच्या आठ्या चुकवायला म्हणून आई तिला घेऊन मागे गेली. गाड्यांचा घूंऽऽ असा आवाज चालू होता. पाचव्या मिनिटाला पोर खांद्यावर गाढ झोपली. त्यानंतर दर रविवारी आई ट्रॅकच्या कडेलाच उभी. ट्रॅक सांभाळणारे रेडिओकाका रेडिओदुरुस्ती करत, त्यांनी एकदा तिच्या मोकळ्या हातात खटका दिला. "नुसतं उभं राहून पाय दुखतील," म्हणाले. एका हातात झोपलेली पोर, एका हातात खटका. चौथ्या फेरीपर्यंत तिला वळण समजलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या हातानं असं काही केलं होतं की ज्याला पुसायचं, धुवायचं किंवा उकळायचं नव्हतं.

भिंतीवर कागद लावलेला होता. वर्षातून एकदा उभ्या किटच्या, म्हणजे नुसत्या मांडून ठेवायच्या, मोटारी पळत्या करून त्यांची शर्यत होई. गाडीचं अंग उभ्या किटचंच हवं. खालचं पोट, म्हणजे सांगाडा, विजेची मोटर, चाकांची आस, जीभ, हे पळवणाऱ्यानं स्वतः बनवलेलं हवं. चाकं, जीभ आणि मिशा सोडून काहीही ट्रॅकला टेकता कामा नये. खालून एक मिलिमीटरचं पातं आरपार गेलं पाहिजे. आणि शर्यतीआधी सगळ्यांसमोर पोट दाखवायचं. गाडी उलटी करून उघडायची आणि पुन्हा जोडायची. ज्यानं बनवली नसेल त्याचं बिंग तिथेच फुटे. मागच्या वर्षी एक गृहस्थ स्वतःच्याच गाडीचा स्क्रू कुठला म्हणून विचारत बसले होते, तो किस्सा अजून चवीनं सांगितला जाई.

तो कागद तिनं एका रविवारी शेवटपर्यंत वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहा पीत असताना ती उठली, खिळ्यावरची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि लाल मोटार बाहेर काढून टेबलावर ठेवली. सासूबाईंची बशी हातातच राहिली.

"शर्यतीला नेणार आहे," ती म्हणाली.

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "ती पूर्ण झालेली आहे."

"तुमची झाली, आप्पा. माझी व्हायचीय."

नवऱ्यानं पेपरात डोकं घातलं, ते बाहेर काढायचं नाव नाही. आप्पांनी शांतपणे एकेक मुद्दा मांडला, कारखान्यात मांडत तसा. उभं किट पळण्यासाठी नसतंच. प्लास्टिक पातळ, वजन वर, पहिल्याच वळणाला उलटणार. पुन्हा घरात रांगतं मूल. पुन्हा तिच्या हातांची सवय गेलेली. ती ऐकून घेत होती. मान हलवत नव्हती.

"ठीक आहे," शेवटी आप्पा म्हणाले. "तपासायला मी आहे, हे लक्षात ठेव. नापास झाली, किंवा शर्यत पुरी करू शकली नाही, तर जे काही उरेल ते मला परत द्यायचं. मी दुरुस्त करून कपाटात ठेवीन. पुन्हा हात लावायचा नाही."

"मंजूर," ती म्हणाली.

नवरा नंतर खोलीत येऊन म्हणाला, की तिनं उगाच पैज मारली; आप्पा आपल्या सख्ख्या भावाच्या कामावरही फुली मारून आलेले आहेत. तिनं त्याला मुंगीचा लंगोट बदलायला दिला.

शर्यतीला तीन आठवडे होते. रोजची चाळीस मिनिटं. मंगळवारी पोट कापलं. बुधवारी आतल्या सीट अर्ध्यावर छाटल्या, कारण खाली मोटरला जागा हवी होती, आणि त्यात चौकड्यांच्या शर्टाचा ड्रायव्हर छातीपासून खाली गेला. संध्याकाळी नवऱ्यानं स्वतःचे उरलेले पाय चादरीत बघितले. "मला विचारायचं तरी," तो म्हणाला. ती म्हणाली की या घरात विचारायची पद्धत नाही. तो हसता हसता थांबला. दुसऱ्या दिवसापासून रात्रीच्या बाटल्या तो उकळायला लागला.

चाकांच्या वरच्या कमानी आतून कानशीनं पातळ केल्या, नाहीतर फिरती चाकं घासली असती. प्लास्टिकच्या जाड पट्टीतून खालचा सांगाडा कापला. एका मोडक्या गाडीची मोटर आणि दातेरी चाक रेडिओकाकांनी दिलं. तारा जोडायचं काम तिनं गॅलरीत केलं, दार लावून, आणि नंतर कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. टपाला तिनं पिवळा रंग दिला. तेवढाच. लाल अंग तसंच ठेवलं, कारण ते काम चांगलं होतं आणि चांगल्या कामावर रंग फासायला तिचे हात तयार होईनात. टप मात्र पिवळाधमक.

अडलं ते वजनापाशी. उभ्या किटचं अंग हलकं, गाडी खाली धरून ठेवायला तळाशी जड काहीतरी लागतं. सगळे भिरभिरे शिशाच्या चकत्या चिकटवतात. रेडिओकाकांनी मूठभर पुढे केल्या.

"शिसं घरात नको," ती म्हणाली.

काकांनी समजावलं, की तीस वर्षं ते शिसं हाताळताहेत आणि अजून टुणटुणीत आहेत.

"तुमच्या घरात रांगतं कोण?"

काकांनी चकत्या खिशात घातल्या.

तिनं घरभर शोधलं. शेवटी कपाटातून कॉलेजची लाकडी पेटी काढली, ज्यात तिची रेखाटनाची उपकरणं असत. झाकणाला दोन पितळी बिजागऱ्या होत्या, जाड, हाताला वजनदार. तिनं त्या स्क्रू काढून सोडवल्या, झाकणाला रबरबँड लावला, आणि सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बिजागरी आडवी बसवली. एक पान सांगाड्याला पक्कं, दुसरं बाहेरच्या बाजूला मोकळं. ते खाली लोंबू नये म्हणून तारेचा टेकू दिला. तरी ते वर-खाली खुळखुळत होतं. खुळखुळणारी कुठलीही वस्तू तिच्या घरात आठ महिन्यांत टिकलेली नव्हती. तिनं दोन्ही बिजागऱ्यांच्या सांध्यांत सुपरग्लू भरला आणि गाडी दगडासारखी घट्ट करून टाकली. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ट्रॅक सरावाला मोकळा होता. तिची गाडी पहिल्या वळणाला उडाली. उचलून ठेवली, दुसऱ्याला उडाली. खटका हळू सोडून पाहिला, लवकर सोडून पाहिला. दहा मिनिटांत ती सात वेळा भिंतीवर गेली, आणि एकदा थेट पुढच्या खोलीच्या दारात, जिथे पुतळेवाल्यांपैकी एकानं ती उचलून "ही कपाटात बरी होती हो" असं म्हणत परत केली. आप्पा तिथेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

मुंगी खांद्यावर झोपली होती. तिनं गाडी पुन्हा खाचेत ठेवली. या वेळी मात्र गाडी पळवण्याऐवजी बघायला लागली, जशी ती दिवसभर फरशीकडे बघायची. उडाली. ठेवली. उडाली. पाचव्यांदा तिच्या लक्षात आलं की आता ती फक्त डाव्या वळणांवर उडतेय. उजवी वळणं धरून घेतेय, अगदी खटका दाबून ठेवला तरी. मघाशी तर दोन्हीकडे उडत होती. मधे असं काय घडलं?

तिनं गाडी कानाशी हलवली. एका बाजूनं खुळखुळ आवाज आला. भिंतीवर आपटून डावीकडच्या बिजागरीतला सुपरग्लू तडकला होता. मोकळं झालेलं पान वळणाचे धक्के स्वतःच खात होतं, गाडीच्या नाकापर्यंत पोचू देत नव्हतं. घट्ट बाजू मात्र प्रत्येक धक्का जसाच्या तसा जिभेपर्यंत नेत होती आणि जीभ खाचेतून उपटत होती.

ती गाडीकडे बघत उभी राहिली. मग पोर सांभाळत एका हातानं पेचकस उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं दुसऱ्या बिजागरीवर ठोका दिला. कट्. दुसरीही खुळखुळली. रेडिओकाका म्हणाले, "आता सगळंच सुटलं की हो."

"सुटू दे," ती म्हणाली. गाडी ठेवली आणि खटका दाबला. नऊ फेऱ्या. दहावी फेरी मुंगी जागी झाल्यामुळे झाली नाही.

रविवारी मागच्या खोलीत टेबलावर पांढरं फडकं, फडक्यावर जाड काचेची पाटी, पाटीमागे आप्पा. शेजारी फीलर गेज, वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा पंखा. नोंदवहीवाल्यानं तिची गाडी बघितली आणि बनवणाऱ्याच्या रकान्यात सवयीनं तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं, ते नाव खोडलं आणि आपलं लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. नवरा मागून म्हणाला, "बरोबर आहे, मी फक्त अर्धा ड्रायव्हर."

पोट दाखवायची वेळ आली. तिनं मुंगीला नवऱ्याकडे दिलं, आणि मुंगीनं भोकाड पसरलं. मुंगीच्या रडण्याचे वेगवेगळे अर्थ तिला कळत. हे भुकेचं नव्हतं, दुखण्याचं नव्हतं. हे फक्त 'ये' होतं. तिनं मान वळवली नाही. पहिला स्क्रू काढला, दुसरा काढला. अंग वेगळं झालं. मोटर, आस, दातेरी चाक, जीभ, मिशा. एकेक भाग काढून फडक्यावर ओळीनं मांडला. पुढच्या खोलीतले लोकही दारात गोळा झाले होते. कुणीतरी म्हणालं, आधी पोरीला घ्या, गाडी काय पळून जात नाही. रेडिओकाकांनी मागे एक रिकामी गाडी ट्रॅकवर सोडली. घूंऽऽ आवाज सुरू झाला. मुंगीचा आवाज खाली आला, मग हुंदके, मग काहीच नाही. तोवर तिनं सगळे भाग पुन्हा जोडले होते, आणि एकही उरला नव्हता.

आप्पांनी गाडी उचलली, कानाशी धरली, हलवली. खुळखुळ. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि लाल खडू बाहेर आला.

"सुटा भाग आहे," ते म्हणाले. "नापास."

"सुटा नाही. बिजागरी आहे."

"हलतोय."

"दारही हलतं, आप्पा. म्हणून ते सुटं असतं का?"

भिरभिऱ्यांत हशा पिकला. आप्पा हसले नाहीत. तिनं भिंतीवरचा कागद काढून आणून त्यांच्यासमोर ठेवला. तिचा आवाज कापत होता हे तिला कळत होतं. तिनं तो कापू दिला. "हलू नये असं इथे कुठेही लिहिलेलं नाही. टेकू नये असं लिहिलंय. तुम्ही मोजा. नाही बसलं मापात तर मी स्वतः कपाटात ठेवून येते."

मोजा म्हटल्यावर आप्पांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी गाडी काचेच्या पाटीवर ठेवली, एक मिलिमीटरचं पातं निवडलं, खाली वाकले. डावीकडून सरकवलं. आरपार गेलं. उजवीकडून सरकवलं. आरपार गेलं. त्यांनी पानं बोटानं खाली दाबून धरली आणि पुन्हा सरकवलं; तारेच्या टेकूनं पानांना रोखलं आणि पातं पुन्हा गेलं. मग ते बिजागरीचं पान नखानं वर उचलत, सोडत, उचलत, सोडत राहिले. नियम तपासून झाला होता. आता ते कशासाठी बघत होते ते त्यांनाच ठाऊक.

खडू खिशात गेला. "पास," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, आप्पा. वहीत लिहायचंय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं नजर खाली घेतली नाही.

"पास," आप्पा म्हणाले, आणि ते पुढच्या खोलीपर्यंत गेलं.

वीस फेऱ्यांची शर्यत, सहा गाड्या. उडालेली गाडी कडेला उभी माणसं उचलून पुन्हा खाचेत ठेवत, वेळ मात्र जायचा तो जायचाच. ती जिंकायला आली नव्हती. तिला वीस फेऱ्या हव्या होत्या. पहिल्या आठ फेऱ्या ती तिसरी होती. नवव्या फेरीला शेजारच्या खाचेतली जड निळी गाडी शिशासकट उडाली आणि तिच्या गाडीवर बसली. कडकन आवाज. दोन्ही गाड्या फरशीवर. कुणीतरी उचलून दिली तेव्हा पुढचा बंपर गेला होता, आरशासारख्या लाल दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा ओरखडा, आणि टपाचा पिवळा रंग कोपऱ्यात उडालेला. खोलीत "च्च च्च" झालं. ते आप्पांच्या रंगासाठी होतं. तिनं जीभ तपासली, मिशा सरळ केल्या, गाडी खाचेत ठेवली आणि खटका असा दाबला की नख पांढरं पडलं. बिजागऱ्या खुळखुळत राहिल्या. सतरा. अठरा. एकोणीस. विसावी फेरी संपली तेव्हा ती चौथी होती. निळी गाडी तेवढ्यात पुन्हा एकदा भिंतीवर गेली.

फरशीवर वाकून तिनं तुटलेला बंपर आधी शोधला. मुंगीला सापडायच्या आत.

घरी येऊन तिनं पोरीला दूध पाजलं, झोपवलं, आणि चाळीस मिनिटं हातात घेऊन बैठकीत आली. आप्पा कपाट उघडून उभे होते. मधल्या फळीवरच्या मोटारी त्यांनी दोन्हीकडे सरकवल्या होत्या, अगदी मधोमध जागा केली होती, डोळ्यांच्या रेषेत. फळी पुसलेली.

"ठेव," ते म्हणाले. "आता मी म्हणतोय. शर्यत केलेली गाडी आहे. हिला मधली जागा."

त्यांना ते किती जड गेलं असेल हे तिला दिसत होतं. सासूबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आता तरी मिटेल अशा चेहऱ्यानं. आठ महिन्यांपूर्वी तिनं जसं "छान झालीय" म्हटलं होतं, तसं आताही काहीतरी म्हणता आलं असतं. तिनं लाकडी पेटीचा रबरबँड काढला, ओरखडलेली गाडी आत ठेवली, झाकण लावलं आणि रबरबँड परत चढवला.

"नको, आप्पा. पुढच्या रविवारी लागणार आहे."

"निदान बंपर दे. लावून देतो. दारही घासून पुन्हा—"

"दार राहू द्या तसंच. बंपर मी लावते. तुम्ही मापात आहे का तेवढं बघा."

आप्पांनी मान हलवली, एकदाच, कारखान्यात पुढचा भाग आणा म्हणून हलवत असतील तशी. कपाटाचं दार लावायला गेले आणि हात काचेवर ठेवून थांबले. दोन्हीकडे ओळीनं उभ्या मोटारी आणि मधे वीतभर मोकळी फळी.

"जागा रिकामी दिसते," ते म्हणाले.

"दिसू दे," ती म्हणाली, आणि पेटी मुंगीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवून दिली.